अळवावरचे पाणी आणि कॉईलवरचा बर्फ

या महिन्यात आलेल्या पत्रांपैकी तीन पत्रांचा रोख एकाच गोष्टीकडे आहे. पाणी झटकून टाकणारे लेप, म्हणजेच बाजारात ‘हायड्रोफोबिक’ किंवा ‘नॅनो’ कोटिंग म्हणून विकले जाणारे पदार्थ, बर्फ रोखण्यासाठी किती उपयोगी पडतात, परवडतात का आणि पर्यावरणाला जड जातात का, असे ते प्रश्न आहेत. द्राक्षहंगाम तोंडावर असल्याने तिन्ही पत्रे एकत्र घेतली आहेत. पहिल्या पत्राच्या उत्तराला जागा जास्त लागली आहे, कारण त्यात पैसे गुंतवायचे आहेत.

प्रश्न : पिंपळगाव बसवंतजवळ आमचे द्राक्षांचे प्रीकूलिंग केंद्र आणि शीतगृह आहे. हंगामात कॉईलवर, म्हणजे हवा थंड करणाऱ्या नळ्यांच्या जाळीवर, इतका बर्फ धरतो की दिवसातून चार वेळा हीटर लावून डिफ्रॉस्ट करावे लागते. अलीकडे एका विक्रेत्याने कोटिंगचा नमुना दाखवला. लेप दिलेल्या पत्र्यावर पाणी ओतले, तर थेंब मोत्यांसारखे घरंगळून गेले आणि पत्रा कोरडाच राहिला. कॉईलच्या फिनचे (नळ्यांवरील पातळ पत्र्यांचे) क्षेत्रफळ २०० चौरस मीटर आणि दर चौरस मीटरला ४०० रुपये, असा ८० हजार रुपयांचा खर्च त्याने सांगितला आहे. ‘बर्फ धरणारच नाही’ असे त्याचे म्हणणे आहे. हा खर्च करावा का? (एक शीतगृहचालक, पिंपळगाव बसवंत)

उत्तर : विक्रेत्याने दाखवलेला प्रयोग खरा आहे, पण तो आपल्या प्रश्नाला लागू पडत नाही. कॉईलवर कोणी पाणी ओतत नसते. तेथे हवेतील बाष्प थंड धातूवर येऊन थेट गोठते, किंवा आधी सूक्ष्म दव होऊन मग गोठते. घरंगळायला मोठा थेंब लागतो आणि कॉईलवर तो तयारच होत नाही.

पाणी झटकणाऱ्या पृष्ठभागाचे रहस्य दोन गोष्टींत असते, मेणासारखा पाण्याला नकोसा पदार्थ आणि डोळ्यांना न दिसणारा खडबडीतपणा. त्या खडबडीत उंचवट्यांच्या फटींत हवा अडकून राहते आणि थेंब जणू हवेच्या गादीवर बसतो. गुळगुळीत टेफ्लॉनवरसुद्धा थेंबाचा स्पर्शकोन, म्हणजे थेंबाची कड पृष्ठभागाशी करते तो कोन, ११० अंशांच्या आसपासच राहतो, पण खडबडीतपणाची जोड मिळाली की तो १५० अंशांपलीकडे जातो आणि थेंब जवळजवळ पूर्ण गोल होतो. कमळाच्या पानाची ही रचना जर्मन वनस्पतिशास्त्रज्ञ विल्हेल्म बार्थलॉट आणि त्यांचे सहकारी नाइनहुइस यांनी १९९७ मध्ये सविस्तर मांडली. आपल्याकडे ‘अळवावरचे पाणी’ हा वाक्प्रचार मात्र सूक्ष्मदर्शकाची वाट न पाहता रुळलेला आहे.

आता त्या हवेच्या गादीत बाहेरून पाणी शिरण्याऐवजी आतच दव जमू लागले तर काय होते, हे मी स्वतः पाहिले आहे. गेल्या मार्चमध्ये दिंडोरी रस्त्यावरील एका शीतगृहाच्या पाहणीसाठी जाताना परसातील अळवाचे एक पान सोबत नेले होते. दाराबाहेर त्यावर चमचाभर पाणी सोडले, तेव्हा थेंब पाऱ्यासारखे पळाले. मग पानाचा एक तुकडा आतल्या उघड्या सक्शन पाइपवर (कॉईलमधून थंड गॅस कॉम्प्रेसरकडे परत नेणाऱ्या नळीवर) चिकटपट्टीने घट्ट बसवला. वीस मिनिटांनी त्यावर पिठूळ, पांढरी लव उगवली होती, शिरांवर जास्त आणि मधल्या भागात कमी. त्या लवेवर पाण्याचा थेंब टाकला तर तो जागचा हलला नाही, तेथेच गोठला. नखाने काढू लागलो, तर थेंबाबरोबर पानाची साल निघाली. जे पान बाहेर थेंबभर पाणी धरत नव्हते, त्यानेच आत बर्फ इतका घट्ट धरला होता, कारण बर्फ उंचवट्यांच्या फटींत मुळे रोवून बसला होता. प्रयोगशाळांतही हेच आढळले आहे. दमट थंडीत अतिजलरोधी पृष्ठभागावर बर्फ सर्वत्र उगवतो आणि मग तो गुळगुळीत पृष्ठभागापेक्षा अधिक जोराने चिकटू शकतो.

याचा अर्थ हे लेप कुचकामी आहेत, असा नाही. चांगल्या लेपामुळे बर्फ धरायला सुरुवात उशिरा होते, पहिले थर विरळ राहतात आणि डिफ्रॉस्टच्या वेळी वितळलेले पाणी फिनच्या फटींत अडकून न राहता लवकर निथळते. हा शेवटचा फायदा सर्वांत ठोस आहे, कारण अडकलेले पाणीच पुढच्या फेरीत कडक बर्फ बनते. गंमत अशी की, घरगुती एसीच्या निळ्या फिनवर बहुधा याच्या नेमके उलट, पाणी पसरवणारे कोटिंग असते. थेंब दोन फिनांमध्ये पूल बांधून हवेची वाट अडवू नयेत, म्हणून पाण्याचा पातळ पापुद्रा करून ते खाली सोडले जाते. एकाच अडचणीवर दोन विरुद्ध उपाय बाजारात चालतात, यावरूनच ‘पाणी पळाले म्हणजे काम झाले’ हे सूत्र अपुरे आहे, हे लक्षात यावे.

आता हिशोब मांडू. आपल्या पत्रात बर्फाचे वजन दिलेले नाही, म्हणून दिवसाला १२० किलो बर्फ, ९० दिवसांचा हंगाम आणि युनिटला ९ रुपये असे धरून चालू. डिफ्रॉस्टचे पाणी ज्या नळीतून बाहेर पडते तिच्याखाली दिवसभर बादली लावली, तर आपला खरा आकडा आपल्याला कळेल आणि पुढील हिशोब त्या प्रमाणात बदलता येईल. एक किलो बर्फ वितळवायला ३३४ किलोज्यूल लागतात, म्हणजे १२० किलोला सुमारे ११ युनिट. हीटरची सगळी उष्णता बर्फाला मिळत नाही. बरीचशी पत्रा, पाइप आणि खोलीच्या हवेत जाते. ४० टक्केच कामी येते असे धरले, तर हीटर २८ युनिट खातो आणि वाया गेलेली जवळपास १७ युनिट उष्णता खोलीतून पुन्हा बाहेर काढायला कॉम्प्रेसरला आणखी सात युनिट लागतात. एकूण ३५ युनिट झाले. लेपामुळे यातील चौथा भाग वाचला, असे उदार मनाने मान्य केले, तरी दिवसाला पावणेनऊ युनिट आणि हंगामात सुमारे सात हजार रुपये वाचतात. ८० हजार रुपये फिटायला अकरा हंगाम लागतील. याशिवाय बर्फाच्या थराने घटणारी कॉईलची क्षमता टिकते, हा फायदा वेगळा आहे आणि तो खरा आहे. ॲल्युमिनियमची उष्णतावाहकता २०० च्या वर, घट्ट बर्फाची सुमारे २.२ आणि ताज्या भुसभुशीत बर्फाची तर त्याच्याही दहाव्या भागाच्या आसपास असते, म्हणजे कॉईलवर जणू गोधडीच चढते. तो फायदा धरून परतफेडीची मुदत निम्मी झाली असे समजले, तरी लेप तितकी वर्षे टिकला पाहिजे.

आणि घोडे तेथेच अडते. दिवसाला चार डिफ्रॉस्ट म्हणजे एका हंगामात ३६० वेळा गोठणे आणि वितळणे. प्रत्येक फेरीत बर्फ फुगतो, उंचवट्यांची टोके मोडतो आणि जाताना त्यांचा थोडा अंश घेऊन जातो. काही शोधनिबंधांत विसेक फेऱ्यांतच बर्फ चिकटण्याचा जोर वाढलेला दिसतो. त्यात द्राक्षांच्या पेट्यांतील सल्फर डायऑक्साइड सोडणारे पॅड असतात. तो वायू आणि ओलावा एकत्र आले की आम्ल तयार होते आणि ते फिनला खाते. हंगामानंतर दाबाच्या पाण्याने कॉईल धुतली जाते, ती झीज निराळीच.

त्याहून महत्त्वाची गोष्ट अशी की, लेप आत आलेले बाष्प कमी करत नाही. एक किलो बाष्पाचा बर्फ होताना २,८३४ किलोज्यूल उष्णता कॉईलमध्ये येते आणि ती बाहेर टाकायला कॉम्प्रेसरला सुमारे ०.३ युनिट लागते. १२० किलोला हे ३८ युनिट झाले. डिफ्रॉस्टचे ३५ मिळवले, तर ओलाव्याचा दिवसाचा भार ७३ युनिटांच्या घरात जातो. म्हणून बाष्पच एक चतुर्थांशाने कमी आले, तर दिवसाला १८ युनिट वाचतात, म्हणजे लेपाच्या दुप्पट. मार्चच्या दुपारी बाहेरची प्रत्येक घनमीटर हवा खोलीत सात-आठ ग्रॅम जादा पाणी घेऊन येते. ट्रॅक्टरमधून क्रेट उतरवताना दार पाऊण तास सताड उघडे राहते आणि पीव्हीसी पट्ट्यांचा पडदा अडचण होते म्हणून गुंडाळून वर बांधलेला असतो, हे दृश्य आपल्या भागातील कोणत्याही केंद्रात पाहायला मिळते. दाराचे रबर, पडदा, दारावरचा हवेचा पडदा आणि घड्याळाऐवजी कॉईलवरील थर पाहून सुरू होणारे डिफ्रॉस्ट, एवढे आधी करावे. हीटरऐवजी गरम गॅसने डिफ्रॉस्ट होत असेल, तर लेपातून वाचणारी वीज आणखी कमी भरेल, कारण ती उष्णता कॉम्प्रेसरकडून जवळपास फुकटच मिळते.

तरीही लेप लावून पाहायचाच असेल, तर दोन कॉईलपैकी एकीलाच लावावा, दोन्हींचे डिफ्रॉस्टचे पाणी हंगामभर मोजावे आणि निम्मे पैसे हंगामाच्या शेवटी द्यावेत. विक्रेत्याकडे ओतलेल्या पाण्याची नव्हे, तर दमट थंडीतील चाचणी मागावी, आणि किती फेऱ्यांनंतर बर्फ किती जोराने चिकटतो ते किलोपास्कलमध्ये विचारावे. १०० च्या खाली आकडा असेल तर त्या पृष्ठभागाला बर्फविरोधी म्हणण्याची रीत आहे. बर्फ स्वतःच्या वजनाने किंवा वाऱ्याने सुटायचा तर तो २० च्या आसपास यावा लागतो. उणे १८ अंशांवर वर्षभर चालणारी खोली आपल्याकडे असती, तर उत्तर थोडे वेगळे असते. तेथे तीनशे दिवसांत तेवढ्याच लेपातून २३ हजार रुपये वाचू शकतात, आणि साडेतीन वर्षे टिकणारा लेप मिळाला तर व्यवहार जमतो.

प्रश्न : अशा कोटिंगमध्ये ‘कायमची रसायने’ असतात असे वाचले. वीज वाचवून कार्बन कमी करायचा आणि दुसरीकडे विष सोडायचे, असे तर होणार नाही ना? (एक अभियंता, सातपूर)

उत्तर : शंका रास्त आहे. पाणी आणि तेल दोन्ही झटकणाऱ्या अनेक लेपांत फ्लोरीनयुक्त कार्बनी संयुगे वापरली जातात. त्यांना एकत्रितपणे ‘पीफास’ म्हणतात. कार्बन आणि फ्लोरीन यांचा बंध इतका पक्का असतो की ऊन, पाणी किंवा जिवाणू त्याला सहजी तोडू शकत नाहीत. त्यांपैकी पीफॉस हे संयुग, न विघटणाऱ्या घातक रसायनांवरील आंतरराष्ट्रीय स्टॉकहोम कराराच्या यादीत २००९ मध्ये, पीफोआ २०१९ मध्ये आणि पीएफएचएक्सएस २०२२ मध्ये घातले गेले. पीफोआ माणसात कर्करोग घडवते, असा निर्वाळा जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २०२३ मध्ये दिला. २०२४ मध्ये अमेरिकेने पिण्याच्या पाण्यात पीफोआ आणि पीफॉस यांची मर्यादा दर लिटरला प्रत्येकी ४ नॅनोग्रॅम ठरवली. जर्मनी, नेदरलँड्स, डेन्मार्क, स्वीडन आणि नॉर्वे यांनी तर २०२३ च्या जानेवारीत साऱ्या पीफास कुटुंबावरच युरोपभर निर्बंध घालण्याचा प्रस्ताव मांडला. आपली द्राक्षे ज्या बाजारात जातात, तोच हा बाजार आहे.

वरच्या उत्तरात झिजेचा मुद्दा पैशांच्या अंगाने आला. येथे तोच वेगळ्या अंगाने येतो. झिजलेला लेप नाहीसा होत नाही. तो डिफ्रॉस्टच्या पाण्याबरोबर नळीतून गटारात, गटारातून नाल्यात आणि नाल्यातून कादवेत किंवा गोदावरीत जातो. काही शीतगृहांत हेच पाणी कूलिंग टॉवरला किंवा अंगणातील झाडांना वापरतात. पाण्याची बचत म्हणून ही सवय चांगली आहे, पण लेपात काय आहे हे कळल्याखेरीज ती चालू ठेवू नये.

सुदैवाने केवळ पाणी झटकायचे असेल, तर फ्लोरीनची गरज नसते. अळवाच्या पानावर असते ते मुख्यतः कार्बन आणि हायड्रोजनचे साधे मेण. तेल झटकायचे असेल तरच फ्लोरीनला पर्याय सापडणे कठीण जाते, आणि शीतगृहाच्या कॉईलवर तेलाचे तसे काम नाही. सिलिकॉनवर आधारलेले लेप त्या मानाने बरे, परंतु तेही पूर्ण निर्दोष नाहीत. त्यांच्या निर्मितीत उरणारी डी४ आणि डी५ ही वलयी संयुगे धुऊन टाकण्याच्या प्रसाधनांत युरोपने २०२० पासून बंद केली आहेत. म्हणून विक्रेत्याकडून सुरक्षा पत्रक घेताना ‘फ्लोरीनविरहित’ हा शब्द लेखी मागावा. ‘पर्यावरणस्नेही’ या शब्दाला कागदावर काही अर्थ नसतो.

कार्बनच्या पारड्याचेही पाहू. देशातील विजेच्या एका युनिटमागे सुमारे ०.७ किलो कार्बन डायऑक्साइड धरतात. वरच्या उदाहरणात हंगामाला पावणेआठशे युनिट वाचतात, म्हणजे सुमारे ५४० किलो. आता शीतयंत्रांत भरला जाणारा आर-४०४ए हा गॅस घ्या. त्याची वातावरण तापवण्याची क्षमता कार्बन डायऑक्साइडच्या ३,९२२ पट आहे. लेप देण्यापूर्वी कॉईल आम्लाने धुताना किंवा ब्रशने घासताना एखादा जुना सांधा सैल झाला आणि किलोभर गॅस निसटला, तर लेपाने सात हंगामांत कमावलेले सारे एका दुपारी जाते. अमोनियावर चालणाऱ्या संयंत्राला हा हिशोब लागू नाही, पण तेथे गळतीचा धोका थेट माणसांना असतो. कोणत्याही लेपाचा पर्यावरणीय ताळेबंद मांडताना एका डब्यातील रसायनाकडे न पाहता ‘एक कॉईल दहा वर्षे थंड ठेवणे’ एवढे काम समोर धरावे आणि त्या दहा वर्षांत लेप किती वेळा द्यावा लागला, किती द्रावक हवेत उडाले, किती गॅस गेला आणि किती वीज वाचली, हे सर्व त्यात घ्यावे.

याच कसोटीवर थंड देशांत या लेपांचे पारडे जड होऊ शकते, हेही सांगितले पाहिजे. तेथे उड्डाणापूर्वी विमानांवर ग्लायकॉलचे गरम द्रावण फवारतात. ते ओघळून नाल्यात गेले, तर कुजताना पाण्यातील प्राणवायू झपाट्याने संपवते, म्हणून विमानतळांना ते गोळा करण्याची यंत्रणा उभारावी लागते. १९९८ च्या जानेवारीत कॅनडाच्या क्वेबेक भागात गोठणाऱ्या पावसाने वीजवाहिन्यांवर इतका बर्फ चढला की पोलादी मनोरे कोसळले आणि लाखो घरे अंधारात गेली. तेथे लेपाशी तुलना सात हजार रुपयांच्या विजेची नसते. शिवाय गोठणारा पाऊस थेंबांच्या रूपाने येतो आणि थेंब झटकणे हेच या लेपांचे खरे काम आहे.

प्रश्न : निफाड तालुक्यात डिसेंबर-जानेवारीत पारा फार उतरतो. असे कोटिंग द्राक्षवेलींवर आणि घडांवर फवारले, तर थंडीपासून बचाव होईल का? (एक द्राक्ष बागायतदार, निफाड)

उत्तर : नाही. दादा, कृपया हा प्रयोग एका ओळीवरसुद्धा करू नये.

कल्पना मात्र अगदीच निराधार नाही. पाणी शून्य अंशाला गोठतेच असे नसते. त्याला बर्फाची पहिली कणी मिळावी लागते. वनस्पतींवर ती अनेकदा स्यूडोमोनास सिरिंजी या जिवाणूकडून किंवा पानावर गोठलेल्या दवाकडून मिळते. १९८७ मध्ये कॅलिफोर्नियात या जिवाणूचा, बर्फाची कणी न घडवणारा, बदल केलेला प्रकार स्ट्रॉबेरीवर फवारून पाहण्यात आला होता, आणि २००२ मध्ये अमेरिकी संशोधकांनी टोमॅटोच्या रोपांवर जलरोधी केओलिन मातीचा थर देऊन बाहेरचा बर्फ आत शिरणे लांबवून दाखवले होते. पण थर अखंड असेल तरच हे साधते. वेलीची शेंडा-पाने रोज वाढतात आणि वाढलेला भाग उघडाच असतो.

शिवाय कुंदेवाडीच्या गहू संशोधन केंद्रातील पारा पाच अंशांखाली गेल्याची बातमी आपण वाचतो, तेव्हा बागेचे नुकसान बहुतेक वेळा गोठण्यामुळे होत नाही. थंडीने मुळांचे काम मंदावते, मण्यांची फुगवण थांबते, दिवस-रात्रीच्या तापमानातील फरकाने मण्यांना तडे जातात किंवा पिंक बेरी (मणी गुलाबी पडणे) दिसू लागते. यांपैकी एकाही गोष्टीवर पाणी झटकणारा थर उपाय नाही. पहाटे ठिबक चालवून मातीत ऊब राखणे आणि बांधावर शेकोट्या पेटवून धूर जमिनीलगत धरणे, हे आपण करत आला आहात, तेच यापुढेही करावे.

निर्यातीच्या दृष्टीने तर हा थर घातकच आहे. मण्यांवरची पांढुरकी मेणाची झाक ही द्राक्षाची स्वतःची जलरोधी व्यवस्था आहे आणि खरेदीदार ती बोटाने तपासतात. तिच्यावर दुसरे काही बसले तर माल परत येईल, आणि शेतमालासाठी मान्यता नसलेले रसायन अवशेष चाचणीत निघाले तर पूर्ण प्लॉटची नोंद अडेल. आपल्याकडे औषध फवारताना जे सिलिकॉन स्प्रेडर मिसळतात, त्याच्याशीही या कोटिंगची गल्लत करू नये. नावात सिलिकॉन असले, तरी स्प्रेडर पानावर पाणी पसरवतो आणि कोटिंग ते गोळा करून खाली पाडते. दोन्ही एका टाकीत गेले, तर करप्याचे औषधसुद्धा पानावर टिकणार नाही.